जस्ती पत्र्याचे ब्रेझिंग: तार, मशीन आणि कूलरची टाकी

वाचकाचे पत्र

अकोला जिल्ह्यात माझे लहान वर्कशॉप आहे. होळीच्या आधीचे तीन महिने आम्ही कूलरच्या बॉड्या आणि टाक्या बनवतो. टाकीला 22 आणि 24 गेजचा जीपी (जस्ताचा थर दिलेला सपाट) पत्रा आणि चौकटीला व पायांना 18 गेज वापरतो. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) गॅसच्या वेल्डिंग मशीनवर 0.8 मिलिमीटरची तार लावून जोड मारतो. पत्रा जळून भोके पडतात, जोडात पिनहोल (सुईएवढी छिद्रे) राहतात आणि दुसऱ्या उन्हाळ्यात टाकी नेमकी जोडापाशी गंजून गळू लागते. एका गॅरेजमध्ये कारचा पत्रा सोनेरी तारेने जोडताना पाहिला. त्याला ब्रेझिंग म्हणतात असे समजले. दुकानातून ‘कॉपर वायर’ मागून आणली, पण काहीच फरक पडला नाही. तार कोणती घ्यावी, जुने मशीन चालेल का आणि नवीन घ्यायचे तर त्यात काय पाहावे?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्याला फरक का दिसला नाही, ते आधी सांगतो. वेल्डिंगच्या साध्या पोलादी तारेवर गंज चढू नये आणि टॉर्चच्या टोकाच्या टिपमधून वीज नीट मिळावी म्हणून तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो, त्यामुळे ती तांबूस दिसते आणि बाजारात तिलाच सर्रास ‘कॉपर वायर’ म्हणतात. आपण आणलेली तार तीच असावी, म्हणजे नाव बदलले तरी तार जुनीच राहिली. लोहचुंबक लावून पाहा: पोलादी तार चिकटेल आणि आपल्याला हवी असलेली तार चिकटणार नाही. दुकानात ‘कॉपर’ हा शब्द वापरूच नका. ‘सिलिकॉन ब्राँझ मिग वायर’ (मिग म्हणजे गॅसच्या आवरणात सरकत्या तारेने जोड मारण्याची पद्धत) मागा आणि रिळावरच्या पट्टीवर सीयूएसआय-3 किंवा ईआर सीयूएसआय-ए असे लिहिले आहे का, ते पाहूनच पैसे द्या. तांब्यात सुमारे 3 टक्के सिलिकॉन आणि थोडे मँगनीज मिसळून ही तार बनते.

आता आपल्या जोडात काय बिघडते ते पाहू. जस्त 420 अंश सेल्सिअसला वितळते आणि 907 अंशांना उकळते, तर पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश लागतात. साध्या वेल्डिंगमध्ये पत्रा स्वतः वितळावा लागतो, म्हणजे पोलादाचा रस तयार होण्याच्या कितीतरी आधी त्याच्यावरचे जस्त उकळून वाफ झालेले असते. ही वाफ थोडीथोडकी नसते. दोन्ही बाजूंचे मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त असलेला पत्रा घेतला, तर 10 सेंटीमीटर लांब आणि 5 मिलिमीटर रुंद पट्टीवर सुमारे 0.14 ग्रॅम जस्त असते आणि उकळताना त्याची जवळजवळ 0.2 लिटर वाफ होते. दोन पत्रे एकमेकांवर घट्ट दाबलेले असतील तर मधल्या जस्ताची वाफ वितळलेल्या रसातूनच वाट काढते. शिंतोडे उडतात ते तिच्यामुळे आणि पिनहोल राहतात तेही तिच्यामुळे. शिवाय जोडाच्या दोन्ही अंगांना जस्ताचा रुंद पट्टा जळून जातो आणि तिथे उघड्या पडलेल्या लोखंडावर पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो.

ब्रेझिंगमध्ये पत्रा वितळवायचा नसतो. वितळते ती फक्त तार, आणि तिचा रस न वितळलेल्या पत्र्यावर पसरून त्याला धरून ठेवतो. सिलिकॉन ब्राँझ 1000 अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे पोलादापेक्षा जवळपास 500 अंश कमी उष्णतेत काम होते. ‘ब्रेझिंगमध्ये जस्त जळतच नाही’ असे काही विक्रेते सांगतात. ते खरे नाही, कारण 1000 अंश हे जस्ताच्या उत्कलनबिंदूच्या वरच आहे आणि रसाखालचे जस्त जातेच. फरक असा की जळणारा पट्टा पुष्कळ अरुंद राहतो, पत्र्याच्या मागच्या बाजूचे जस्त बऱ्याच अंशी टिकते, भोके पडत नाहीत आणि पत्रा कमी वळतो. जोडाची ताकद पुरेशी असते. या तारेच्या धातूची ताणशक्ती प्रति चौरस मिलिमीटर सुमारे 350 न्यूटन भरते आणि साध्या मऊ पोलादी पत्र्याची त्याच घरातली असते. पत्रे नीट एकावर एक चढवलेले असतील तर ताण दिल्यावर पत्रा आधी हार मानतो.

बाजारात अॅल्युमिनियम ब्राँझची तारही मिळते, आणि ती अधिक मजबूत म्हणून आपल्यापुढे ठेवली जाण्याची शक्यता आहे. ती मजबूत आहे हे खरे. पण तिला उष्णता थोडी जास्त लागते आणि पातळ जस्ती पत्र्यावर तिचा रस सिलिकॉन ब्राँझइतका सहज पसरत नाही. आपल्या कामात ताकदीची कमतरता नाही, उष्णतेची अडचण आहे, म्हणून सिलिकॉन ब्राँझच घ्यावी. जाडी 0.8 मिलिमीटर ठेवा. 1.0 ची तार ढकलायला सोपी असते, परंतु ती वितळवायला लागणारा करंट 24 गेजच्या, म्हणजे सुमारे 0.63 मिलिमीटरच्या पत्र्याला सोसत नाही. 18 गेजच्या, म्हणजे 1.25 मिलिमीटरच्या चौकटीला 1.0 ची तार चालेल, पण दोन प्रकारची रिळे ठेवून रोज तार ढकलणारे रोलर आणि टिप बदलत बसण्यापेक्षा 0.8 वरच सगळे काम करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

ही तार साध्या तारेच्या कितीतरी पट महाग असते, म्हणून हिशोब आधीच मांडून ठेवा. 0.8 ची एक मीटर तार सुमारे 4.3 ग्रॅम भरते. मिनिटाला 5 मीटर या वेगाने ती चालवली तर मिनिटाला 21 ग्रॅम जाते, म्हणजे एक किलोचे रीळ प्रत्यक्ष आर्क, म्हणजे तारेच्या टोकाची विजेची ज्योत, पेटलेली असताना सुमारे 47 मिनिटे पुरते. सुरुवातीला एक किलोचेच रीळ घ्या आणि जम बसल्यावर पाच किलोचे आणा. उघडे रीळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे, कारण धूळ आणि ओल लागलेली तार लायनर, म्हणजे ती जिच्यातून सरकते ती टॉर्चमधली नळी, खराब करते.

पैसा मशीनवर जातो, पण माझ्या अनुभवात पहिल्या आठवड्यातली बहुतेक रडकथा तारेच्या वाटेवर घडते. ब्राँझची तार मऊ असते. पोलादी तारेसाठी असलेले व्ही खाचेचे रोलर आणि कडक दाब तिला चेचतात, तिचा भुगा लायनरमध्ये साचतो, तार अडते, रोलरपाशी तिचे भेंडोळे होते आणि कारागीर मशीनला दोष देतो. रोलरची खाच यू आकाराची असावी. स्प्रिंगचा दाब इतकाच असावा की टॉर्चमधून येणारी तार हातमोज्याच्या चिमटीत धरली तर रोलर तिच्यावरून घसरेल. टॉर्चमधला पोलादी लायनर काढून टेफ्लॉनचा घाला, आणि तो रोलरच्या अगदी जवळ येईल इतका लांब ठेवा, म्हणजे तारेला मध्ये वाकायला जागाच उरणार नाही. जुनाच लायनर वापरला तर त्यातली लोखंडाची भुकटीही तारेबरोबर जोडात येते. टॉर्चची केबल तीन मीटरपेक्षा लांब नको आणि काम करताना तिला वळसे देऊ नका. चार रोलरचे फीडर मिळाले तर उत्तम, कारण दाब विभागला जातो. या साऱ्या सुट्या भागांचा खर्च मशीनच्या मानाने किरकोळ आहे, तरी तो टाळून चालणार नाही.

गॅसच्या बाबतीत तडजोड नको. आपल्याकडचा सीओटू या तारेला अजिबात चालत नाही. त्याने सिलिकॉन जळते, जोडावर काळपट थर येतो आणि रस पसरण्याऐवजी गोळ्या होऊन बसतो. शुद्ध आर्गॉन घ्या. आर्गॉनमध्ये एक-दोन टक्के ऑक्सिजन किंवा सीओटू मिसळलेला गॅस कारखान्यांतून वापरला जातो आणि त्याने आर्क अधिक स्थिर राहते, पण लहान गावात असे मिश्रण दर वेळी सारखे मिळत नाही. बाजारातले आर्गॉन आणि सीओटूचे 80-20 चे नेहमीचे मिश्रण मात्र घेऊ नका, ते पोलादी तारेसाठी असते. आर्गॉनसाठी त्याचाच रेग्युलेटर आणि फ्लोमीटर लागतो, सीओटूचा हीटरवाला चालत नाही. प्रवाह मिनिटाला 12 लिटर ठेवला तर दीड घनमीटरचा लहान सिलिंडर सुमारे दोन तास आर्क चालवतो, म्हणजे एका सिलिंडरमागे अंदाजे पावणेतीन किलो तार जाते. खरेदी त्या प्रमाणात ठेवा.

जुने मशीन चालेल का, याचे उत्तर त्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर अवलंबून आहे. पातळ पत्र्याच्या साध्या शॉर्ट आर्क (तार रसाला टेकत टेकत वितळते त्या) ब्रेझिंगला 13 ते 15 व्होल्ट लागतात. व्होल्टेजच्या ठरावीक पायऱ्या असलेल्या पुष्कळ जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनची पहिली पायरीच याच्या वर असते आणि दोन पायऱ्यांमधले अंतरही मोठे असते. तशा मशीनवर 18 गेजची चौकट जमेल, पण 24 गेज जमणार नाही. रोलर आणि लायनर बदलून, एक किलो तार आणि भाड्याचा आर्गॉन सिलिंडर आणून आधी चौकटीवरच प्रयोग करा. तेवढ्या खर्चात आपल्या हाताला या कामाची चव कळेल आणि नवीन मशीन घेताना विक्रेत्याला काय विचारायचे तेही समजेल. टॉर्च पॉझिटिव्ह टोकाला जोडलेली आहे ना, तेही तपासा. बिनगॅसची फ्लक्स तार चालवणाऱ्या काही लहान मशीनमध्ये ती निगेटिव्हला जोडून येते आणि तशीच राहिली तर ब्राँझचा जोड कधीच नीट बसत नाही.

नवीन घ्यायचे असेल तर पल्स असलेले इन्व्हर्टर मिग मशीन घ्या. पल्समध्ये करंट सेकंदाला अनेकदा क्षणभर वर जातो आणि लगेच खाली येतो. प्रत्येक उसळीला तारेच्या टोकाचा एक थेंब सुटून जोडात पडतो आणि मधल्या वेळात फक्त आर्क टिकून राहते. सरासरी उष्णता कमी पडूनही थेंब न चुकता पडत राहतात, शिंतोडे जवळपास उडत नाहीत, आणि जस्ताच्या वाफेने आर्क हेलकावली तरी मशीन तिला सावरते. ‘सिनर्जिक’ (तार आणि गॅस निवडला की बाकीचे सेटिंग मशीनच जुळवते) एवढा शब्द पाहून भुलू नका. त्याच्या यादीत सीयूएसआय-3 तारेचा 0.8 मिलिमीटरचा आर्गॉनसाठीचा प्रोग्राम आहे का, हे डोळ्यांनी पाहा. किमान करंट 30 अँपिअरपर्यंत खाली यावा. 200 अँपिअरचे सिंगल फेज मशीन आपल्याला पुरेसे आहे. मोठ्या आकड्याच्या मागे लागून जास्त पैसे घालवण्यात अर्थ नाही, कारण आपले सगळे काम 100 अँपिअरच्या आत आहे. आणि मशीन विकत घेण्याआधी आपल्याच 24 गेजच्या पत्र्याचे दहा-बारा तुकडे घेऊन जा आणि ते तिथेच जोडून दाखवायला सांगा. विक्रेता स्वतःच्या जाड पत्र्यावर जे दाखवतो, त्यावरून आपल्याला काहीही कळत नाही.

सेटिंगचा आरंभ म्हणून 22 गेजला, म्हणजे 0.8 मिलिमीटरला, 45 ते 60 अँपिअर धरा. 24 गेजला त्याहून कमी आणि 18 गेजला 70 ते 90 लागतील. पल्सवर व्होल्टचा आकडा 15 च्या वर दिसेल, त्याने गोंधळू नका. टॉर्च 10 ते 20 अंश कलती धरून पुढे ढकलत न्या, मागे ओढू नका, आणि आर्क पत्र्यावर न रोखता रसाच्या पुढच्या काठावर रोखा. पत्रा आर्कने तापवून मग तार घालायची ही वेल्डिंगची सवय इथे मोडावी लागते. पत्रे चढवताना मध्ये 0.2 ते 0.5 मिलिमीटरची फट राहू द्या, म्हणजे वाफेला बाजूने वाट मिळते. घट्ट दाबलेल्या जोडातच छिद्रे पडतात. एका दमात 20 ते 25 मिलिमीटर मारा, मग दुसऱ्या टोकाला जा. जोड चेरीसारखा लाल होऊन बराच वेळ तसाच राहत असेल तर उष्णता जास्त आहे असे समजा. फार तापलेल्या आणि ताणाखाली असलेल्या पोलादाच्या कणांमधल्या सीमांत तांबे शिरून बारीक तडे पाडू शकते आणि ते तडे वरून दिसत नाहीत.

जोडाच्या जागी रंग, तेल किंवा पांढरी भुकटी असेल तर ती काढा, पण चकचकीत जस्त ग्राइंडरने घासून काढू नका. ते टिकवण्यासाठीच हा सगळा खटाटोप आहे. पत्रा पुसायला क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट, उदाहरणार्थ काही ब्रेक क्लीनर, मुळीच वापरू नका. आर्कच्या उष्णतेत आणि प्रकाशात त्यांच्यापासून फॉस्जीन हा प्राणघातक वायू तयार होऊ शकतो. आणि एक नियम भिंतीवर लिहून ठेवा: ज्या जागी एकदा ब्राँझ लागले, तिथे पुन्हा पोलादी तार मारायची नाही. वितळलेल्या पोलादात तांबे मिसळले की जोड तडकतो. चूक झालेला जोड कापूनच काढावा लागतो.

आता टाकीबद्दल, कारण आपल्या पत्रातला खरा प्रश्न मला तिथेच दिसतो. तांब्याची मिश्रधातू आणि जस्त पाण्यात एकत्र आले की जस्त झिजते, आणि पाणी जितके क्षारयुक्त तितके लवकर झिजते. अकोल्याचा बराच भाग पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात येतो. त्यातून कूलरमध्ये पाणी उडत राहते, क्षार मागे उरतात आणि टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक खारे होत जाते. अशा पाण्यात ब्राँझचा जोड आतल्या बाजूला उघडा राहिला तर तो स्वतः गंजणार नाही, पण त्याच्या शेजारचे जस्त, आणि ते संपल्यावर पत्रा, तो खाईल. म्हणून टाकीचे कोपरे कापून जोडण्याऐवजी तळाच्या पत्र्यातूनच दुमडून वर घ्या, म्हणजे पाण्याखाली जोडाची लांबी कमीत कमी राहील. जो जोड टाळता येत नाही त्याचे ब्रेझिंग बाहेरच्या बाजूने करा. आतून फट भरून येईल असा इपॉक्सी किंवा बिटुमेनचा रंग दोन हात द्या आणि तो जोडाच्या दोन्ही बाजूंना तीन-चार बोटे पसरू द्या. बाहेरून जोडालगतच्या जळक्या पट्ट्यावर जस्तयुक्त प्रायमर लावा.

24 गेजच्या टाकीसाठी तर मी आणखी पुढे जाऊन म्हणेन की घडीचा जोड (पत्र्यांच्या कडा एकमेकींत दुमडून) घालून तो कथलाच्या डाखाने (सोल्डरने) बुजवणे, हीच पत्रेवाल्यांची जुनी पद्धत अजूनही सरस आहे. डाख 200 अंशांच्या आसपासच वितळतो, जस्त जागच्या जागी राहते, आणि ताकद घडी देते. डाखाला वापरलेला तेजाब किंवा फ्लक्स नंतर पाण्याने पूर्ण धुऊन काढला पाहिजे, एवढेच पथ्य आहे. ब्रेझिंग आपण चौकट, पाय, कोपऱ्यातले आधार आणि 22 गेजच्या बॉडीच्या जोडांसाठी ठेवा. तिथे त्याची किंमत वसूल होते.

पत्रा घेताना जस्ताच्या वजनाचीही चौकशी करा. चौरस मीटरला 120 ग्रॅमचा पत्रा आणि 275 ग्रॅमचा पत्रा हातात सारखेच दिसतात, पण पहिल्यावर एका बाजूला जेमतेम 8 मायक्रॉनचा थर असतो आणि दुसऱ्यावर 19 मायक्रॉनच्या आसपास. जाड थराचा पत्रा जोडायला थोडा त्रास देतो, तरी टाकीच्या तळाला तोच लावावा.

धुराबद्दल आपण काही विचारले नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही. उमेदवारीच्या दिवसांत थंडीमुळे दारे लावलेल्या एका शेडमध्ये मी दिवसभर जस्ती पाइप जोडले होते. तोंडाला गोडसर धातूची चव आली आणि रात्री हुडहुडी भरून ताप चढला. घरच्यांना ते मलेरियाचे दुखणे वाटले. तो जस्ताच्या धुराचा ताप होता. तो काम संपल्यावर काही तासांनी येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून कारागीर त्याकडे दुर्लक्ष करतात. गूळ खाल्ल्याने किंवा दूध प्यायल्याने तो टळत नाही. ब्रेझिंगमध्ये धूर कमी होतो, पण होतोच, आणि त्यात तांब्याचाही अंश असतो. पंखा जोडावर मारला तर आर्गॉन उडून जाईल, म्हणून धूर जोडाच्या बाजूने ओढून बाहेर टाकणारा एक्झॉस्ट लावा, तोंड धुराच्या रेषेबाहेर ठेवा आणि हेल्मेटखाली बसणारा, धातूच्या धुरासाठीचा फिल्टर मास्क कारागिरांना द्या. रुमाल बांधून हा धूर अडत नाही. दम लागत असेल किंवा ताप दोन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगून तपासून घ्या.

कामाची परीक्षा रोज पहिल्या तुकड्यावर घ्या. चढवून जोडलेली पट्टी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरून वरचा पत्रा हातोडीने उलटा सोला. पत्रा फाटला किंवा ब्राँझ स्वतः तुटले तर जोड चांगला आहे. ब्राँझची पट्टी अखंड सुटून आली आणि खाली करडे जस्त तसेच दिसले तर रस पत्र्याला धरलाच नव्हता, तेव्हा करंट किंचित वाढवा किंवा हात सावकाश चालवा. टाकी गळते का हे पाहण्यासाठी रंग देण्यापूर्वी जोडाच्या बाहेरून खडूची भुकटी पाण्यात कालवून लावा आणि ती वाळली की आतून जोडावर रॉकेल फिरवून अर्धा तास थांबा. पाणी जिथून झिरपायला दिवस लावते तिथून रॉकेल काही मिनिटांत बाहेर येऊन पांढऱ्या खडूवर काळपट ठिपका उमटवते. त्या जागी पुन्हा आर्क लावण्याआधी मात्र रॉकेल पूर्ण पुसून, धुऊन, वाळवून घ्या.